बावन्न म्हणजे किती? मुलांच्या पक्षाघाताचे तपासणी-नियम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

मुलांच्या पक्षाघाताच्या तपासण्या कशा व्हाव्यात हे ठरवणाऱ्या सर्व समित्यांना, विभागप्रमुखांना आणि तज्ज्ञ डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. काचेच्या अलीकडे बसून बटणं दाबणारा माणूस म्हणा हवं तर. निदान करणं माझं काम नाही, उपचार तर नाहीच नाही. पण मशीनमधून आकडा निघतो तो सगळ्यात आधी माझ्या पडद्यावर येतो, आणि पुढे त्या आकड्याचं काय होतं हे मी बरीच वर्षं पाहत आलोय. तुमच्या कागदावर जी ओळ नसते ती आमच्याकडून मोजली जात नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

सहा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. सकाळी उठला तेव्हा उजव्या हातातून पेन्सिल गळून पडत होती, तोंड किंचित वाकडं झालं होतं. प्रोपोफोलची भूल देऊन स्कॅन केलं. डिफ्युजनमध्ये, म्हणजे ताज्या इजेची जागा उजळ दाखवणाऱ्या चित्रांमध्ये, डावीकडे खोल जागी एक छोटा पांढरा ठिपका दिसला, म्हणजे पक्षाघात नक्की. वेळ होता म्हणून शेवटी मी मेंदूचा रक्तप्रवाह मोजणारा सिक्वेन्सही चालवला. सॉफ्टवेअरने रंगीत नकाशा दिला. उजव्या-डाव्या बाजूंत फारसा फरक नव्हता आणि करड्या भागाची सरासरी आली ५२. म्हणजे मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला ५२ मिलीलीटर रक्त. रिपोर्टमध्ये एक वाक्य पडलं : ‘परफ्युजन (म्हणजे हाच रक्तप्रवाह) सामान्य.’

तीन महिन्यांनी तो पुन्हा आला. या वेळी वेगळं मशीन, वेगळी सेटिंग्ज. भूल नव्हती, तो जागा होता आणि गोष्ट ऐकत निमूट पडून राहिला. आकडा आला ७१. आईने दोन्ही कागद शेजारी धरले आणि मला विचारलं, “दादा, वाढलंय ना? बावन्नचं एकाहत्तर झालंय.”

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. प्रवाह खरंच सुधारला होता की पहिल्या वेळी भुलीमुळे कमी आला होता? मशीन बदललं म्हणून फरक पडला की मूल बरं झालं म्हणून? मुळात पहिल्या दिवशीचे ५२ सामान्य तरी होते का? माझ्या वयाच्या माणसाला ५२ चांगले. सहा वर्षांच्या जाग्या मुलाला ते बरेच कमी. झोपवलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कदाचित ठीक. ‘सामान्य’ हा शब्द यातल्या कोणत्या मापाने लिहिला गेला, ते त्या कागदावर नव्हतं. भूल दिल्याचं मला माहीत होतं, पण मीही ते लिहून ठेवलं नव्हतं. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

मुलांच्या मेंदूला मोठ्यांपेक्षा जास्त रक्त लागतं ही काही नवी बातमी नाही. १९४० च्या दशकात केटी आणि श्मिट या संशोधकांनी मेंदूचा रक्तप्रवाह मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत बसवली. माणसाला सुमारे दहा मिनिटं थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा, आणि त्या वेळात रक्ताचे नमुने धमनीतून आणि मानेतल्या मोठ्या शिरेतून घेत राहायचे. मेंदूत शिरणाऱ्या आणि मेंदूतून बाहेर पडणाऱ्या रक्तातल्या वायूचा फरक किती आणि तो किती वेळात मिटतो, यावरून प्रवाह काढायचा. १९५७ साली केनेडी आणि सोकोलॉफ यांनी ही पद्धत थोडी बदलून निरोगी मुलांवर वापरली. मुलं होती जेमतेम नऊ. सरासरी आली १०६. त्याच पद्धतीने तरुण प्रौढांची येत होती ६० च्या आसपास. शरीर विश्रांती घेत असताना जेवढा ऑक्सिजन खर्च होतो त्यातला निम्म्यापर्यंतचा वाटा त्या वयात एकटा मेंदू घेतो, असाही त्यांचा हिशेब होता. (निरोगी मुलाच्या मानेतल्या शिरेत सुई घालायला आज कोणी परवानगी देईल असं मला वाटत नाही. ती नऊ मुलं आता सत्तरीच्या घरात असतील. त्यांचे आभार कोणी मानले असतील का, असं कधीतरी मनात येतं.)

पुढे १९९२ मध्ये शिरों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी झेनॉन वापरून दोन दिवसांच्या बाळापासून एकोणीस वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांचं मोजमाप केलं. जन्माच्या वेळी प्रवाह मोठ्यांपेक्षा कमी, मग तो चढत जातो, पाच-सहाव्या वर्षी मोठ्यांच्या दीडपट ते जवळजवळ पावणेदोनपट, काही भागांत त्याहूनही थोडा वर, आणि मग उतरत उतरत पंधरा ते एकोणीसच्या दरम्यान मोठ्यांच्या पातळीला येतो. म्हणजे मुलांचा असा एकच सामान्य आकडा नसतोच. असतो तो चढ-उतार. त्या चढावर मूल नेमकं कुठे उभं आहे हे कळल्याशिवाय त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

पद्धतींबद्दल थोडं सांगतो. यातलं बरंच तुम्हाला माहीत आहे, पण ते आमच्या खोलीत कसं घडतं हे तुमच्या खोलीतून दिसत नाही.

सगळ्यात खरं मोजमाप ऑक्सिजन-१५ हा किरणोत्सारी ऑक्सिजन घातलेल्या पाण्याच्या पेट स्कॅनचं. पण ऑक्सिजन-१५ दर दोन मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, भिंतीपलीकडेच हवं. शिवाय किरणोत्सार. मुलांसाठी ही रोजची तपासणी कधीच होणार नाही. सीटी परफ्युजन भराभर होतं, पण डोक्याच्या त्याच भागावरून क्ष-किरण पुन्हा पुन्हा जातात, आणि मुलाच्या पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं औषध टोचून एमआरआयमध्ये परफ्युजन काढता येतं; मोठ्यांमध्ये तेच सर्रास चालतं. त्यासाठी औषध एका झपाट्यात शिरेत जावं लागतं, सेकंदाला चार-पाच मिलीलीटर. दोन वर्षांच्या मुलाच्या हातातल्या निळ्या-पिवळ्या बारीक कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या नळीतून) हा वेग मागून बघा. शीर फुटते, हात सुजतो, मूल किंचाळतं आणि पुढची वीस मिनिटं मशीन रिकामं. त्यातून २०१४ पासून गॅडोलिनियमचा अंश मेंदूत साचून राहत असल्याचं दिसत आलंय. त्याने नेमकी इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण पुन्हा पुन्हा स्कॅन लागणाऱ्या मुलाला ते प्रत्येक वेळी टोचावं असं कोणालाच वाटत नाही.

राहिली सुई न टोचता मोजायची पद्धत, आर्टेरिअल स्पिन लेबलिंग. आम्ही तिला एएसएल म्हणतो. १९९२ मध्ये डेट्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उंदरांवर दाखवली. कल्पना साधी आहे. मानेतून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकीय खूण करायची, ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत थांबायचं आणि चित्र घ्यायचं. मग खूण न करता दुसरं चित्र घ्यायचं आणि दोन्हींची वजाबाकी करायची. उरतं ते नुकतं आत आलेलं रक्त. औषध नाही, किरण नाहीत. वेळ लागतो साधारण पाच मिनिटं. फरक मात्र फार बारीक, मूळ चित्राच्या सुमारे एक टक्का, म्हणून अशा जोड्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात. मूल हललं की ती वजाबाकी कोलमडते. पण मुलांच्या मेंदूत रक्तच जास्त असल्याने हीच पद्धत मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त स्वच्छ चित्र देते. मोठ्यांची यंत्रं मुलांच्या बाजूने झुकल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. हे त्यातलं एक.

या पद्धतीची खरी गोम थांबण्यात आहे. खूण केल्यावर किती वेळ थांबायचं? २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी मिळून जी शिफारस प्रसिद्ध केली तिच्यात मुलांसाठी १५०० मिलिसेकंद, नवजात बाळांसाठी २००० आणि आजारी प्रौढांसाठी २००० असं दिलंय. निरोगी मुलाचं रक्त वेगाने पोचतं म्हणून १५००. पण ज्या मुलाची धमनी अरुंद झाली आहे त्याचं रक्त आडवाटेने, शेजारच्या धमन्यांच्या जाळ्यातून वळसा घालून येतं. त्याला १५०० पुरत नाहीत. मग चित्रात तो भाग काळा दिसतो आणि त्याच्या कडेला धमन्यांमध्ये अडकलेल्या खुणेचे पांढरे ओरखडे उमटतात. नवखा माणूस ते पाहून म्हणेल, इथे रक्तच नाही. रक्त असतं. चित्र काढलं तेव्हा ते वाटेत होतं. आणि जास्त थांबावं तर खूणच पुसट होते. रक्तातली ही खूण १.६५ सेकंदांत एक तृतीयांशाहून थोडीच जास्त उरते.

रिपोर्टवर मात्र थांबण्याचा हा वेळ कधीच नसतो. त्या मुलाच्या पहिल्या स्कॅनला मी तो १५०० ठेवला होता, दुसऱ्या मशीनवर बहुधा २००० होता. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण तेही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

दुसरी गोम रक्ताची. आकडा काढायच्या सूत्रात रक्ताचा एक गुणधर्म, खूण किती वेगाने पुसट होते तो, ठरलेला धरतात : तीन टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर १६५० मिलिसेकंद. हा आकडा प्रौढांच्या रक्ताचा. हिमोग्लोबिन कमी असलं की खूण जास्त वेळ टिकते आणि सूत्र प्रवाह फुगवून सांगतं. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलात तर दुहेरी घोळ होतो. रक्त पातळ असल्याने मेंदू खरोखरच जास्त रक्त ओढून घेत असतो, आणि वर सूत्र त्यात आपलीही भर घालतं. ते मूल ११० दाखवतं आणि सगळे खूश होतात. खूश व्हायचं की घाबरायचं हे हिमोग्लोबिन शेजारी लिहिलेलं असेल तरच ठरेल.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि ही मला सगळ्यात जास्त छळते. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब मिलीमीटरभर पाऱ्याने इकडचा तिकडे झाला की मेंदूचा प्रवाह तीन-चार टक्क्यांनी हलतो. रडून रडून धापा टाकणारं मूल कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत असतं. तो पाचने उतरला तर पंधरा ते वीस टक्के प्रवाह गेला, आणि आजाराशी त्याचा काही संबंध नाही. प्रोपोफोलने प्रवाह उतरतो. सेव्होफ्लुरेनसारख्या हुंगायच्या भुलीत डोस वाढेल तशा धमन्या सैलावतात आणि मेंदूला त्याच्या गरजेपेक्षा जास्त रक्त मिळायला लागतं. म्हणजे एकच मूल एकाच दिवशी तीन प्रकारे झोपवलं तर तीन आकडे येतील. भूलतज्ज्ञांच्या मॉनिटरवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत दिसत असतो. माझ्या डाव्या हाताला तीन फुटांवर. तो आकडा माझ्या चित्रापर्यंत कधीच पोचत नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या भानगडी असतील तर मोजायचंच कशाला? धमनीचं चित्र काढा, डिफ्युजन काढा, झालं. पहिल्या तासांत हे मला मान्य आहे. मूल अर्धांगाने येतं तेव्हा आधी डिफ्युजन, मग धमन्या. परफ्युजनसाठी उपचार पाच मिनिटंही अडवू नयेत. पण त्यानंतर मोजल्याने जे कळतं ते दुसऱ्या कशाने कळत नाही.

मुलांमध्ये पक्षाघातासारखं दिसणारं पण पक्षाघात नसलेलं फार असतं. मुलांना गुठळी विरघळवणारं औषध द्यावं का हे तपासण्यासाठी ‘टिप्स’ नावाचा अभ्यास सुरू झाला होता. पुरेशी मुलं न मिळाल्याने डिसेंबर २०१३ मध्ये तो बंद करावा लागला. त्यात छाननीला आलेल्या ९३ मुलांपैकी खरा पक्षाघात निघाला ४३ जणांना. बाकीच्या पन्नास जणांचं दुखणं वेगळंच होतं. आकडी येऊन गेल्यावर लुळा पडलेला हात, अर्धांग आणणारी अर्धशिशी, असली दुखणी मुलांत हुबेहूब पक्षाघाताचं सोंग घेतात. अर्धशिशीत डिफ्युजन स्वच्छ असतं, पण प्रवाहाच्या नकाशात जवळजवळ अख्खी एक बाजू फिकी पडते, आणि ती फिकटी एका धमनीच्या हद्दीत राहत नाही, धमन्यांच्या सीमा ओलांडून पसरते. आकडी चालू असेल तर उलट, तोच भाग लखलखतो. असे नकाशे मी पाहिलेत. एकदा एका मुलीचा नकाशा पाहून रात्रीच्या ड्यूटीवरचे डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “धमन्यांच्या नकाशाशी याचा काही मेळ बसत नाही.” तासाभरात तिचा हात हलायला लागला होता.

खऱ्या पक्षाघातातही प्रवाह कमीच दिसेल असं नाही. गुठळी आपोआप विरघळली किंवा वाट मोकळी झाली की त्या भागात रक्ताचा लोंढा येतो. मेंदूला तेवढं नको असतं, तरी धमन्या सैल पडलेल्या असल्याने तो येतोच. नील्स लासेन या डॅनिश संशोधकाने १९६६ मध्ये याला चैनीचा प्रवाह म्हटलं होतं. नवजात बाळांच्या पक्षाघातात हा लोंढा बरेचदा दिसतो. केवळ रंग पाहणारा माणूस लालभडक भाग पाहून म्हणेल की इथे सगळं ठीक आहे. तो भाग गेलेला असतो.

दूरचे परिणाम वेगळेच. डाव्या मेंदूला इजा झाली की काही मुलांत उजव्या लहान मेंदूचा प्रवाह उतरतो, तिथल्या धमन्या धडधाकट असूनसुद्धा. वरून येणारे संदेश थांबले की तिथलं काम कमी होतं आणि रक्तही कमी येतं. महिन्यांनी पुन्हा मोजताना तो भाग परत उजळला की तसाच राहिला, हे मुलाच्या हाताच्या व्यायामाशेजारी ठेवून पाहता येईल. पण तीच मशीन, तीच सेटिंग्ज, तीच अवस्था असेल तर. नाहीतर परत बावन्न आणि एकाहत्तर.

मोठ्यांची मापं मुलांना लावण्याबद्दल एक तक्रार आहे, ती स्पष्टच मांडतो. २०१८ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की निवडक प्रौढांमध्ये पक्षाघातानंतर सोळा किंवा चोवीस तासांपर्यंतही गुठळी बाहेर काढण्याचा फायदा होतो. रुग्ण निवडताना परफ्युजनच्या सॉफ्टवेअरची मोठी मदत झाली. रक्त पोचायला सहा सेकंदांहून जास्त उशीर म्हणजे धोक्यातला भाग. दुसऱ्या बाजूच्या ३० टक्क्यांहून कमी प्रवाह म्हणजे मेलेला भाग. हे उंबरठे प्रौढांच्या मेंदूवरून काढलेत, आणि त्या अभ्यासांत अठरा वर्षांखालचं कोणी नव्हतं. आता तेच सॉफ्टवेअर मुलांच्या स्कॅनवरही चालतं. ते वय विचारत नाही. ज्या मेंदूचा नेहमीचा खर्चच दीडपट आहे तो कितीपर्यंतची तूट सोसेल? प्रौढांमध्ये २० च्या खाली मेंदूचं काम थांबतं आणि १० च्या आसपास पेशी मरायला लागतात, असं आपण शिकलो. चार वर्षांच्या मुलात त्या रेषा कुठे आहेत हे त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी घातलेलं नाही. तरी हिरवा-लाल नकाशा तेवढ्याच ठामपणे छापून येतो, खाली कसलीही टीप नसते. निदान ‘हे उंबरठे प्रौढांचे आहेत’ एवढी एक ओळ मुलाच्या प्रत्येक नकाशाखाली छापायला कोणाची हरकत असावी?

मुलांसाठी मुलांचंच माप बनवता येतं याचा पुरावाही आपल्याकडे आहे. सिकल सेलच्या मुलांमध्ये डोक्याला डॉपलर (ध्वनिलहरींचं यंत्र) लावून मेंदूच्या धमन्यांमधल्या रक्ताचा वेग मोजतात. हा वेग आहे, प्रवाह नव्हे, पण पद्धत पक्की बसवली गेली. कोणती धमनी, वेगाची कोणती सरासरी घ्यायची, मूल जागं असलं पाहिजे, हे सगळं ठरलं. त्या मुलांवरच उंबरठा काढला : सेकंदाला २०० सेंटिमीटर. त्याहून जास्त वेग असलेल्या १३० मुलांवर ‘स्टॉप’ नावाचा अभ्यास झाला, १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार चालू राहिलेल्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला, नियमित रक्त चढवलेल्या गटात एकाला. धोका ९२ टक्क्यांनी घटला. अभ्यास मुदतीआधीच थांबवून बाकीच्या मुलांनाही रक्त देऊ केलं गेलं. साधं, स्वस्त यंत्र. मुलांच्याच आकड्यांवर बेतलेला उंबरठा आणि सगळीकडे सारखी मोजण्याची रीत, एवढ्यावर हे झालं. एएसएलमध्ये यातलं यंत्र आपल्याकडे आहे. रीत नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. मुलाच्या पक्षाघाताच्या प्रत्येक एमआरआयमध्ये, तातडीची चित्रं झाल्यावर, एएसएल धरलेलं असावं; टेक्नॉलॉजिस्टला वेळ असला तर आणि त्याच्या मनात आलं तर, असं नको. धमनी अरुंद असेल तिथे एका विरामावर, म्हणजे थांबण्याच्या एकाच वेळेवर, समाधान न मानता दोन-तीन वेगवेगळ्या विरामांवर मोजावं. आजकाल बऱ्याच मशीनवर ते जमतं. नसेल जमत तर निदान एक छोटा आणि एक मोठा. आकड्याशेजारी मुलाचं वय, जागं की झोपवलेलं आणि कशाने, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन आणि वापरलेला विराम लिहिणं सक्तीचं करा. हे लिहायला मला एक मिनिट लागेल. भूलतज्ज्ञांना विचारायला अजून एक. आणि पुन्हा तपासणीला मूल येईल तेव्हा शक्य तिथे तेच मशीन, त्याच सेटिंग्जवर. मूल झोपवूनच मोजलं असेल तर पुढच्या वेळी तीच भूल, आणि मूल जागं राहण्याएवढं मोठं झालं असेल तर या बदलाची नोंद.

यापुढचं मागणं थोडं लांब पल्ल्याचं. डोकेदुखीसाठी किंवा एकदा आलेल्या आकडीसाठी स्कॅन होऊन काहीच न निघालेली मुलं प्रत्येक केंद्रात दरवर्षी कितीतरी असतात. पालकांची संमती घेऊन त्यांचे पाच मिनिटांचे आकडे, नाव वगळून, वय आणि वरच्या सगळ्या नोंदींसह एकत्र ठेवले तर काही वर्षांत आपल्या मशीनवरची, आपल्या सेटिंग्जमधली वयानुसारची रेषा तयार होईल. ती परिपूर्ण नसेल. ही मुलं अगदी निरोगी म्हणता येणार नाहीत, हेही मला कळतं. पण आज ती रेषा आम्ही अशाच थोड्या मुलांच्या जुन्या आकड्यांवरून आणि आठवणीतल्या ‘पन्नास म्हणजे ठीक’ या माहितीवरून ओढतो आहोत.

यावर तुमच्यातले काही जण म्हणतील, आकडा कळून उपचार बदलणार आहे का? बरेचदा नाही बदलणार, आजच्या घडीला. धमनी अरुंद होत जाणाऱ्या मुलाला शस्त्रक्रिया कधी करायची, रक्त कधी चढवायचं, रक्तदाब किती खाली जाऊ द्यायचा, अशा थोड्या ठिकाणी बदलू शकतो. मोयामोया, म्हणजे मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जाणारा आजार, असलेल्या मुलात तर बरेचदा दोन्ही बाजू अरुंद असतात. त्या सारख्याच अरुंद असतील तर ‘उजवी-डावी सारखी’ या निकषावर ते मूल सामान्य ठरतं. ते सामान्य नाही हे वयाच्या रेषेशिवाय कसं दिसणार? आणि बाकी ठिकाणी उपचार बदलत नाही याचं एक कारण असंही असावं, की एकमेकांशी ताडून पाहता येतील असे आकडे आपण कधी जमवलेच नाहीत.

तो मुलगा आता बारा वर्षांचा आहे. उजव्या हाताने लिहितो, अक्षर तिरकं येतं, पण लिहितो. पुढच्या महिन्यात त्याचं स्कॅन आमच्याकडेच आहे, आणि भूल लागणार नाही. पहिल्या स्कॅनची कच्ची माहिती सर्व्हरवर अजून आहे का ते मी काल शोधलं. आहे. थांबण्याचा वेळ निघाला १५००, म्हणजे तो तरी मला बरोबर आठवत होता. हिमोग्लोबिन जुन्या कागदात मिळालं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही. नवा फॉर्म मी स्वतःच एका कागदावर आखून कन्सोलला चिकटवलाय. तुमची मान्यता नाही म्हणून पेन्सिलने.

आपला नम्र,
एक एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट